दैनंदिन भूदृश्याचे छायाचित्र आणि हौशी छायाचित्रकारांची परस्पर समीक्षा

प्रस्तावना

'लँडस्केप' या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत 'निसर्गचित्र' हा शब्द चांगलाच रुळला आहे. कलाशाळेच्या वर्गात तो वापरला जातो, छायाचित्रस्पर्धांच्या माहितीपत्रकांतही तोच छापला जातो. शब्द सोपा आणि अर्थवाही आहे; परंतु त्याच्या पोटात एक निवड आधीच होऊन गेलेली असते. 'निसर्ग' म्हटले की डोंगर, नदी, धुके, वृक्ष आणि फार तर एखादी बैलगाडी एवढेच त्यात सामावते. एस.टी.चा थांबा, उसाचा फड, कालव्याचा भराव, पाण्याचा टँकर, मोबाईलचा मनोरा यांना त्यात जागा मिळत नाही. ज्या डच शब्दावरून इंग्रजी संज्ञा आली, त्याचा मूळ रोख मात्र माणसांनी वसवलेल्या आणि कसलेल्या भूमीकडे होता. चित्रकारांच्या परिभाषेत तो नंतर रूढ झाला. म्हणून प्रस्तुत लेखात 'भूदृश्य' ही भूगोलाच्या अध्यापकांना परिचित असलेली संज्ञा योजली आहे. 'दैनंदिन भूदृश्य' म्हणजे ज्यातून माणसे रोज ये-जा करतात आणि ज्याकडे मुद्दाम पाहत नाहीत, असा परिसर.

हौशी छायाचित्रकार एकत्र जमतात, आपापली छायाचित्रे मांडतात आणि त्यांवर बोलतात. हा वरवर पाहता फावल्या वेळेचा उद्योग आहे. तथापि या बोलण्यातून कोणते छायाचित्र चांगले एवढेच ठरत नाही. मुळात काय टिपण्याजोगे आहे, हेही ठरत जाते. ज्या दृश्याला मंडळात कोणी दाद देत नाही, ते दृश्य सभासद पुढच्या वेळी टिपत नाही. या निवडीचा परिणाम मंडळाच्या भिंतीपुरता मर्यादित राहत नाही. एखाद्या तालुक्याचे पन्नास वर्षांपूर्वीचे रूप कसे होते, याचा दृश्य पुरावा बहुधा हौशी मंडळींच्याच कपाटात असतो किंवा नसतो. परस्पर समीक्षेची पद्धत आणि दैनंदिन भूदृश्याचे दिसणे-न दिसणे यांचा संबंध उलगडून दाखवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

देवाणघेवाणीचे आरंभीचे स्वरूप

छायाचित्रे परस्परांना दाखवण्याची प्रथा छायाचित्रणकलेइतकीच जुनी म्हणता येईल. लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि दोनच वर्षांत तेथील काही हौशी व व्यावसायिक मंडळींनी छायाचित्रांच्या अदलाबदलीसाठी स्वतंत्र मंडळ काढले. सभासदांनी एकमेकांना प्रती द्यायच्या आणि त्यांचा संग्रह करायचा, अशी योजना होती. त्या मंडळाच्या १८५५ च्या संग्रहात छायाचित्रांसोबत ती कोणत्या प्रक्रियेने आणि कशा परिस्थितीत घेतली, याचा तपशील छापलेला आढळतो. ही बाब महत्त्वाची आहे. त्या काळी काच ओली असतानाच तिच्यावर प्रतिमा घ्यावी लागे, रसायने सभासद स्वतः तयार करीत, त्यामुळे दुसऱ्याचे छायाचित्र पाहणे म्हणजे दुसऱ्याचा प्रयोग पाहणे होते. 'हे कसे साधले?' हा समीक्षेचा पहिला प्रश्न होता. 'हे किती सुंदर आहे?' हा प्रश्न त्यामागून येई.

मुंबई या घडामोडीत मागे नव्हती. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार म्हणून ओळखले जात. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. एका शैक्षणिक संस्थेने ही कला इतक्या लवकर अभ्यासक्रमाच्या कक्षेत घेतली, ही गोष्ट महाविद्यालयीन वाचकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी भारतातील हौशी छायाचित्रकारांचा संग्रह मासिक स्वरूपात प्रसिद्ध केला. प्रत्येक अंकात तीन मूळ छायाचित्रे आणि त्यांचे वर्णन असे. याच जॉन्सनने पुढे मुंबईतील विविध जातिजमातींची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा चित्रशाळेत टिपलेल्या व्यक्ती कापून निराळ्याच स्थळांच्या पार्श्वभूमीवर बसवल्या. भूदृश्य तेथे पडद्यासारखे वापरले गेले. माणूस आणि त्याचा परिसर यांची अशी ताटातूट करण्याची सवय पुढेही सुटली नाही.

ही मंडळे सर्वांना सारखीच खुली होती, असे समजण्याचे कारण नाही. कलकत्त्याच्या सोसायटीतून १८५७ साली राजेंद्रलाल मित्र यांना निळीच्या मळेवाल्यांवर टीका केल्याबद्दल काढून टाकण्यात आले. ते भाषण छायाचित्रांविषयी नव्हते. परंतु कोणत्या भूमीविषयी काय बोलायचे, यावर मंडळाच्या सभासदत्वाची अट अवलंबून होती, हे त्यातून दिसते.

अमेरिकेत १८६१ मध्ये न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील हौशी मंडळींनी त्रिमितिदर्शक छायाचित्रांच्या अदलाबदलीचे मंडळ स्थापन केले. ठरावीक मुदतीत प्रत्येकाने इतर प्रत्येकाला किमान एक छायाचित्र टपालाने पाठवायचे, असा नियम होता. त्यांतील पुष्कळशी छायाचित्रे घराजवळच्या ओढ्यांची, पुलांची, वाटांची होती. यादवी युद्धाच्या त्या काळात मंडळ दोन-तीन वर्षांतच विरून गेले. तरीही नियमित देवाणघेवाणीच्या बंधनामुळे छायाचित्रकाराला दूरच्या प्रेक्षणीय स्थळाची वाट पाहता येत नाही, घराजवळचेच टिपावे लागते, हा अनुभव या अल्पायुषी मंडळाने नोंदवून ठेवला.

'चित्रोपम' दृष्टीचा वारसा

मंडळातील समीक्षेत आज जे नियम सर्रास ऐकू येतात, त्यांतील बरेचसे छायाचित्रणाहून जुने आहेत. चौकटीचे तीन भाग करून क्षितिजरेषा एक-तृतीयांशावर ठेवावी, हा 'तृतीयांश नियम' १७९७ साली जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने ग्रामीण दृश्यांविषयीच्या पुस्तकात सांगितला. त्याआधी विल्यम गिल्पिन याने 'चित्रोपम' दृश्याची कल्पना इंग्रज प्रवाशांत रुजवली होती. गिल्पिनला सरळ, धड, नीटनेटक्या वस्तूपेक्षा भग्न आणि खडबडीत वस्तू अधिक चित्रोपम वाटे. वाय नदीकाठच्या टिंटर्न मठाचे अवशेष पाहून त्याने १७८२ च्या प्रवासवर्णनात असे सुचवले, की त्याच्या भिंतींचे अतिनियमित त्रिकोण जरा मोगरीने फोडले तर दृश्य सुधारेल. ही सूचना अर्धी विनोदाने केलेली होती. आजच्या मंडळात 'त्या विजेच्या तारा तेवढ्या काढून टाका' असा सल्ला मिळतो, तो मात्र गंभीरपणे दिलेला असतो आणि मोगरीपेक्षा संगणकाने तो अमलात आणणे फार सोपे असते.

तांत्रिक मर्यादांनीही या दृष्टीला हातभार लावला. एकोणिसाव्या शतकातील काचेवरील रसायन निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील होते. त्यामुळे जमिनीचे तपशील नीट उमटेपर्यंत आकाश पूर्ण पांढरे पडत असे. यावर तोडगा म्हणून ढगांची प्रतिमा वेगळ्या काचेवर घेऊन ती जमिनीच्या प्रतिमेवर छापण्याची पद्धत पडली. एकच ढगाळ आकाश अनेक गावांवर पसरले! हेन्री पीच रॉबिन्सन याने १८६९ च्या ग्रंथात अशा जोडकामाला कलात्मक तत्त्वाचे अधिष्ठान दिले, तर पीटर हेन्री इमर्सन याने १८८९ च्या आपल्या ग्रंथातून त्यावर कठोर हल्ला चढवला. नॉरफोकच्या दलदलीत बोरू कापणारे, जाळी लावणारे लोक त्यांच्या परिसरासह इमर्सनने टिपले होते. हा वाद केवळ तंत्राचा नव्हता. दृश्य जसे आहे तसे स्वीकारायचे की दृश्याविषयीच्या पूर्वकल्पनेत ते बसवायचे, हा त्याचा गाभा होता.

सर्वेक्षण चळवळ : एक वेगळा मार्ग

याच सुमारास इंग्लंडमधील हौशी मंडळींनी निराळी वाट चोखाळली. विल्यम जेरोम हॅरिसन हे बर्मिंगहॅममधील विज्ञानाचे शिक्षक आणि भूशास्त्राचे अभ्यासक होते. वॉरिकशायर परगण्याचे पद्धतशीर छायाचित्र-सर्वेक्षण स्थानिक मंडळाने करावे, असा प्रस्ताव त्यांनी १८८९ मध्ये मांडला. १८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्तरावर अशीच संस्था निघाली आणि ती १९१० पर्यंत चालली. चर्च, घरे, गल्ल्या, जत्रा, रूढी यांची छायाचित्रे सभासदांनी स्वखर्चाने काढून दिली. प्रती दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रक्रियेनेच कराव्यात आणि त्यांवर स्थळ, दिनांक व छायाचित्रकाराचे नाव नोंदवावे, यावर भर होता.

सर्वेक्षणातील छायाचित्रांना सौंदर्यवादी सभासद नाके मुरडत असत. ही 'नोंद' आहे, 'चित्र' नव्हे, असा त्यांचा आक्षेप असे. उलट बाजूचे म्हणणे असे, की ज्याच्याखाली गावाचे नाव नाही ते छायाचित्र उद्या कोणाच्याच उपयोगाचे नाही. दोन्ही पक्षांत तथ्य होते. सर्वेक्षणाचा कल जुन्या, नाहीशा होऊ घातलेल्या वस्तूंकडे अधिक होता. नव्या कारखान्यांची वस्ती, आगगाडीचे फलाट यांना तेथेही दुय्यम स्थान मिळाले, हे मान्य करावे लागते. दैनंदिन भूदृश्याला मुद्दाम केंद्रस्थानी आणणारे एक प्रसिद्ध प्रदर्शन १९७५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे भरले. 'मानवाने बदललेले भूदृश्य' अशी त्याची भूमिका होती. नव्या वसाहती, गोदामे, वाहनतळ असे विषय त्यात निर्विकार स्वच्छतेने मांडलेले होते. ते छायाचित्रकार हौशी नव्हते. परंतु 'यात पाहण्यासारखे काय आहे?' हा जो प्रश्न अशी छायाचित्रे पाहताना पडतो, तो प्रत्येक हौशी मंडळाच्या ओळखीचा आहे.

गुणांकन आणि त्याची किंमत

भारतात विसाव्या शतकात शहरोशहरी हौशी मंडळे निघाली, १९५३ मध्ये त्यांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला आणि आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न अशा स्पर्धात्मक प्रदर्शनांची परंपरा रुजली. या प्रदर्शनांनी हजारो हौशी छायाचित्रकारांना शिस्त, तांत्रिक सफाई आणि देशाबाहेरचा प्रेक्षक दिला, हे निःसंशय. मात्र निवडीची पद्धत तपासून पाहण्यासारखी आहे. परीक्षकांसमोर शेकडो छायाचित्रे एकामागून एक येतात. प्रत्येक छायाचित्र काही क्षण दिसते, परीक्षक गुण देतात, बेरीज होते आणि ठरावीक गुणांवरची छायाचित्रे स्वीकारली जातात. अशा स्वीकृतींची संख्या पुढे मानपदव्यांसाठी मोजली जाते.

काही क्षणांत जे कळते त्यालाच या पद्धतीत गुण मिळतात. धुक्यातील एकटे झाड क्षणात कळते. प्रकाशाचा झोत, त्यातून जाणारी मेंढरे आणि उडणारी धूळ क्षणात कळते. दुष्काळी गावाच्या वेशीवर रांगेत ठेवलेल्या हंड्या-कळशा, त्यांमागची रिकामी सिमेंटची टाकी आणि टाकीवरील योजनेचा पुसट फलक यांचा परस्परसंबंध कळण्यास मात्र वेळ लागतो, शिवाय फलक वाचावा लागतो. परीक्षक दुष्ट नसतात, अडाणीही नसतात. त्यांना वेळच दिलेला नसतो. मराठी समीक्षाव्यवहारात परीक्षण, आस्वाद आणि समीक्षा असा भेद केला जातो. हौशी छायाचित्रणात या तिन्हींची जागा बहुतांशी एकट्या परीक्षणाने घेतली आहे.

वर्णनापासून सुरुवात

कलाशिक्षणाच्या क्षेत्रात याला पर्याय सुचवले गेले आहेत. एडमंड फेल्डमन या अमेरिकन अभ्यासकाने कलाकृतीच्या समीक्षेचे वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णयन आणि मूल्यमापन असे टप्पे सांगितले. टेरी बॅरेट यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात छायाचित्रांच्या समीक्षेचा विचार करताना वर्णनाला असेच पायाभूत स्थान दिले. 'चौकटीत काय आहे ते सांगा' ही मागणी बालिश वाटते. प्रत्यक्षात मंडळातील अनुभवी सभासदालाही ती जड जाते, कारण 'छान आहे' किंवा 'डावीकडे थोडे कापा' हे म्हणणे कितीतरी सोपे असते.

उदाहरणादाखल एक छायाचित्र कल्पावे. नीरा डावा कालवा हा १८८५ पासून पाणी वाहून नेणारा, पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील जुना कालवा आहे. मार्च महिन्यातील दुपारी अशा कालव्याच्या भरावावर उभे राहून एका सभासदाने छायाचित्र घेतले आहे. कालवा चौकटीच्या बरोबर मध्यातून सरळ दूरवर जातो. त्याच्या एका बाजूस उसाची गर्द हिरवी शेते, दुसऱ्या बाजूस पिवळे माळरान आणि खुरटी बाभळ. वर विजेच्या तारा, कडेला एक मोटार आणि माळाकडे चढत गेलेली प्लॅस्टिकची नळी.

परीक्षणाच्या पद्धतीने पाहिल्यास दोष चटकन हाती लागतात. रेषेने चौकट दुभंगली आहे, लक्षवेधी केंद्र नाही, भर दुपारच्या प्रकाशात छाया सपाट पडल्या आहेत, तारांनी आकाश बिघडवले आहे. या पद्धतीने दुरुस्त केलेले छायाचित्र सायंकाळचे असेल, त्यात कालवा एका कडेला गेलेला असेल, तारा पुसलेल्या असतील आणि बहुधा केवळ हिरवी बाजू उरलेली असेल.

आता याच छायाचित्राचे वर्णन करून पाहावे. एका बाजूस हिरवे, दुसऱ्या बाजूस पिवळे, असे कोणी म्हणताच 'असे का?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कालवा समपातळीच्या रेषेला धरून, अगदी अल्प उतार देऊन काढलेला असतो. पाणी गुरुत्वाकर्षणाने केवळ खालच्या बाजूस देता येते. कालवा आणि नदी यांमधील जमीन लाभक्षेत्रात येते, कालव्याच्या वरची जमीन अगदी काठाला लागून असली तरी कोरडी राहते. म्हणजे जी रेषा रचनेचा दोष म्हणून दाखवली गेली, तीच या छायाचित्राचा विषय आहे. दोन शेजाऱ्यांच्या दैवातील फरक त्या रेषेने ठरवला आहे. मग मोटार आणि नळी यांकडे लक्ष जाते : कोणीतरी पाणी उपसून वर नेत आहे, आणि नीट पाहिल्यास माळावर दूर एक लहानसा हिरवा चौकोन दिसतो. त्या मोटारीला वीज हवी, म्हणून तारा. तारा पुसल्या तर तो हिरवा चौकोन अनाकलनीय ठरतो.

एवढे झाल्यावरही मूल्यमापन टळत नाही, टळूही नये. दुपारच्या प्रकाशाविषयीचा आक्षेप कदाचित योग्यच असेल; सकाळच्या तिरप्या उन्हात भरावाची उंची अधिक स्पष्ट दिसली असती आणि वरची-खालची बाजू हा भेद आणखी ठसला असता. फरक इतकाच, की आता सूचना छायाचित्राच्या आशयाला धरून येते. तंत्राची चर्चा वर्णनानंतर आली की ती बोथट होत नाही, उलट तिला टोक येते.

बोलणे कोणी आणि केव्हा

या प्रक्रियेत अडचणी आहेत आणि त्या तांत्रिक कमी, सामाजिक अधिक आहेत. मंडळात एखादे ज्येष्ठ सभासद असतात. सर्वजण त्यांना 'सर' म्हणतात. सरांनी प्रथम मत दिले की चर्चा तेथेच संपते, कारण त्यानंतर वेगळे बोलणे उद्धटपणाचे वाटते. ज्येष्ठाने शेवटी बोलावे, एवढ्या एका बदलाने पुष्कळ काही साधते. छायाचित्रकारानेही आरंभी गप्प राहणे इष्ट असते. त्याने आधीच हेतू सांगून टाकला तर पाहणारे चौकटीऐवजी हेतूच पाहू लागतात. दुसरी अडचण सौजन्याची. ओळखीच्या माणसाच्या छायाचित्राला वाईट कसे म्हणावे, या संकोचातून 'सुंदर', 'अप्रतिम' अशी विशेषणे बाहेर पडतात. वर्णन या संकोचातून सुटका करते. त्यात कोणाला दुखावण्याचा प्रश्नच येत नाही.

पाश्चात्त्य देशांतील टपाल-मंडळांनी यासाठी एक साधी युक्ती वापरली. छायाचित्रांची पेटी सभासदांमध्ये फिरत राहते. पेटी आली की सभासदाने इतरांची छायाचित्रे सावकाश पाहावीत, प्रत्येकाविषयी लेखी अभिप्राय लिहावा, आपले जुने छायाचित्र त्यावरील अभिप्रायांसह काढून घ्यावे, नवे ठेवावे आणि पेटी पुढे धाडावी. येथे क्षणांचा हिशेब नाही. पेटी चार दिवस घरात असते. शिवाय लिहिताना माणूस विशेषणांवर भागवू शकत नाही, त्याला दुसरे वाक्य सुचावे लागते.

महाविद्यालयांत छायाचित्रण मंडळे असतात, भूगोलाची क्षेत्रभेट असते, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे असतात. या तिन्ही ठिकाणी भूदृश्याची असंख्य छायाचित्रे निघतात आणि ती एकमेकांस क्वचितच भेटतात. वरील कालव्याच्या छायाचित्रापुढे भूगोलाचा अध्यापक, अर्थशास्त्राचा अध्यापक आणि त्या गावचा विद्यार्थी एकत्र बसले, तर लाभक्षेत्राची सीमा पहिला सांगेल, उसाचे अर्थकारण दुसरा सांगेल. पण ती मोटार कोणाची आणि उन्हाळ्यात ती किती तास चालते, हे तिसराच सांगू शकेल. मंडळातील अशी चर्चा आज बहुधा तोंडी होते आणि सभागृहाचे दिवे मालवले की हवेत विरते. छायाचित्राची फाइल उरते, तिच्यावर कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक असतो, गावाचे नाव नसते. स्थळ, दिनांक, उभे राहण्याची जागा व दिशा आणि त्या बैठकीत निघालेल्या माहितीच्या चार ओळी छायाचित्रासोबत जतन केल्या, तर दहा वर्षांनी त्याच भरावावर त्याच दिशेने उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याला माळावरचा तो हिरवा चौकोन वाढला की आटला, हे पाहता येईल.